गोमंतकावरील स्पॅनिश राजछत्र आणि मराठी शब्दांची साक्ष

गोवा, वसई, चौल, दमण या प्रदेशांचा सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील इतिहास आपण पोर्तुगीज सत्तेचा इतिहास म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. तथापि १५८० ते १६४० या साठ वर्षांत या किनाऱ्याचा राजा पोर्तुगीज घराण्यातला नव्हता. तो स्पेनचा राजा होता. ज्याच्या नावाने मेक्सिको, पेरू आणि फिलिपाइन्स येथे कारभार चाले, त्याच्याच नावाने गोव्याचा व्हाइसरॉय हुकूम काढीत असे. पदव्युत्तर वर्गात हा विषय निघाला म्हणजे बहुधा दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. गोवा त्या काळी स्पेनची वसाहतच होती, असे काहींना वाटते. राजाचे नाव तेवढे बदलले, बाकी पानही हलले नाही, असे इतरांना वाटते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. इतिहाससंशोधकाने या प्रश्नासाठी दफ्तरे पाहावीत हे उघडच आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाच्या हाती आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे उसना शब्द. या साक्षीदाराला खोटे बोलता येत नाही. मात्र प्रश्न नीट विचारला नाही तर तो भलतेच उत्तर देतो.

प्रथम घटना पाहू. ४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोतील अल्-कसर-अल्-कबीरच्या रणांगणावर पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियाँव मारला गेला. तो निपुत्रिक होता. त्याच्यामागे त्याचा वृद्ध चुलत आजोबा, कार्डिनल एन्रिक, गादीवर आला आणि ३१ जानेवारी १५८० रोजी तोही वारला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप हा पोर्तुगालच्या मानुएल राजाचा दौहित्र. त्याने वारसा सांगितला. मानुएलचाच एक अनौरस वंशातील नातू दों आंतोनियु याने प्रतिस्पर्धी म्हणून राजपद घोषित केले. आल्बाच्या ड्यूकने स्पॅनिश फौजेनिशी लिस्बनजवळ अल्कांतारा येथे २५ ऑगस्ट १५८० रोजी आंतोनियुचा मोड केला आणि वाद तलवारीने मिटला. गोव्यात नव्या राजाच्या नावे शपथ घेतली गेली ती १५८१ मध्ये. त्याच वर्षी त्याने नेमलेला पहिला व्हाइसरॉय फ्रांसिस्कु माश्कारेन्यश येथे दाखल झाला. नाव पाहताच लक्षात येईल की हा गृहस्थ पोर्तुगीज होता. आणि या साठ वर्षांत येथे आलेले व्हाइसरॉय व गव्हर्नर झाडून सारे पोर्तुगीजच होते.

हा काही फिलिपचा लहरीपणा नव्हे. एप्रिल १५८१ मध्ये तोमार येथे भरलेल्या पोर्तुगीज राजसभेपुढे त्याने ज्या अटी मान्य केल्या, त्यांत पोर्तुगाल व त्याचे समुद्रापलीकडील प्रदेश वेगळे राज्य म्हणून राहावेत, तेथील अधिकारपदे पोर्तुगिजांनाच मिळावीत, कारभार पोर्तुगीज भाषेत चालावा आणि आशियातील व्यापार पोर्तुगिजांच्याच हाती राहावा, असे ठरले होते. राजा एक, राज्ये दोन. राजाजवळ पोर्तुगीज मंत्र्यांचे एक स्वतंत्र मंडळ असे आणि गोव्याशी होणारा पत्रव्यवहार त्याच्यामार्फत पोर्तुगीजमध्येच चाले. दरवर्षीच्या मोसमी ताफ्याबरोबर येणाऱ्या या पत्रांचे खंड ‘मोसमांची पुस्तके’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतील काही पुढे लिस्बनला नेण्यात आले आणि उरलेले पणजीच्या अभिलेखागारात राहिले. राजाज्ञा माद्रिदच्या, पण भाषा लिस्बनची, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने गोवा ही स्पेनची वसाहत कधीच नव्हती. मेक्सिको आणि गोवा हे एकाच मालकाचे दोन वाडे होते; त्यांना जोडणारे दार मात्र नव्हते.

असे असता काहीच घडले नाही असे का म्हणू नये? कारण राजाबरोबर राजाचे शत्रूही आले. नेदरलँड्सने स्पेनविरुद्ध बंड पुकारले होते आणि इंग्लंडशी वैर वाढत होते. १५८० नंतर या दोघांच्याही दृष्टीने पोर्तुगीज गलबत हे शत्रूचे गलबत झाले. याचा पहिला झटका गोव्यात कसा जाणवला हे पाहण्यासारखे आहे. १५८३ मध्ये राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन साथीदार हे इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. इंग्लंडने दों आंतोनियुची बाजू उचलली असल्यामुळे हे त्याचे हेर असावेत असा संशय होता. म्हणजे लिस्बनच्या गादीवरील तंट्यापायी चार परदेशी मांडवीच्या काठी कोठडीत पडले! त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत दोन माणसे होती. एक इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स. दुसरा आर्चबिशपचा डच चिटणीस यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन. फिच पुढे निसटून विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर अशा मार्गाने मोगल मुलखात गेला. लिन्सखोटेनने मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये आपला प्रवासग्रंथ छापला आणि पोर्तुगिजांनी जपून ठेवलेली सागरी मार्गांची माहिती साऱ्या युरोपास खुली झाली. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. मोझांबिकच्या किल्ल्यास डचांनी १६०७ व १६०८ या दोन्ही वर्षी वेढा घातला. १६२२ मध्ये इराणी व इंग्रज यांनी मिळून होर्मुझ घेतले. आणि १६३६ पासून डच आरमार दरवर्षी गोव्याच्या मुखाशी ठाण मांडून बसू लागले. राज्याच्या अटी कागदावर पाळल्या गेल्या, परंतु युद्धाची किंमत गोव्यानेच मोजली. पोर्तुगीज इतिहासकारांनी या पडझडीचा सारा दोष स्पेनच्या माथी मारला, तो मला काहीसा एकांगी वाटतो. डच व्यापाऱ्यांना मिरी-लवंगांचा वास कधी ना कधी लागलाच असता. पण तो लागण्याची वेळ स्पेनच्या युद्धांनी जवळ आणली, यात शंका नाही.

देशावरील राज्यांना या बदलाची दखल घेण्याचे विशेष कारण पडले नाही. आजच्या जालना जिल्ह्याचा प्रदेश ज्या अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत होता, तिचे चौलला पोर्तुगिजांशी जुनेच वैर होते. १५९४ मध्ये कोर्लईचा किल्ला निजामशाहीच्या हातून गेला, तेव्हा तो घेणारे सैन्य कागदोपत्री स्पेनच्या राजाचे होते. पण चौलच्या लोकांच्या लेखी ते फिरंगीच होते, आणि फिरंगी या एका शब्दात लिस्बन आणि माद्रिद यांचा भेद मावत नव्हता.

मात्र एक वस्तू या सीमा सर्रास ओलांडीत असे, ती म्हणजे चांदी. आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे १५४५ मध्ये चांदीची प्रचंड खाण सापडली. तेथील आणि मेक्सिकोतील चांदीचे ‘आठ रेआल’ किमतीचे नाणे लिस्बनहून मिरीच्या खरेदीसाठी गोव्यास येई, पुढे इंग्रज व डच कंपन्यांच्या पेट्यांतून सुरतेस येई, आणि मोगल टांकसाळीत वितळून रुपया होई. भारतात चांदीची खाण नाव घेण्याजोगी नव्हती; रुपयाची चांदी बाहेरूनच येत असे. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्याची समृद्ध पेठ लुटली, तेव्हा सावकारांच्या घरांतून निघालेल्या रुपयांत पोतोसीच्या डोंगरातील काही चांदी असणे सर्वथा संभवनीय आहे. परंतु चांदी वितळली की तिचे मूळ नाव जाते. शब्दांचे तसे होत नाही.

मराठी किनाऱ्यावरील एक मनुष्य मात्र खरोखर स्पॅनिश वसाहतीत जाऊन पोहोचला, आणि त्याची कथा या विषयात वगळता येणार नाही. गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता वसईकडील. तरुणपणी तो जेझुइटांबरोबर जपानात गेला आणि तेथे जपानी भाषा उत्तम शिकला. पुढे तो व्यापारात पडला आणि शेवटी मनिला येथे गेला. मनिला हे १५७१ पासून फिलिपाइन्समधील स्पॅनिश सत्तेचे ठाणे. तेथे तो फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनास जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठविले, तेव्हा दुभाषी म्हणून सोबत गेला तो हा वसईचा गोन्सालो. १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरून उठलेल्या प्रकरणात हिदेयोशीचा रोष मिशनऱ्यांवर वळला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे गोन्सालोसह सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ मध्ये रोमने त्यास संतपद दिले. धर्माच्या इतिहासात त्याचे स्थान ठरलेले आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथे वेगळेच दिसते: वसईच्या किनाऱ्यावर वाढलेला मनुष्य, स्पेनच्या वकिलाचे म्हणणे जपानीत सांगतो. एकाच राजाच्या दोन साम्राज्यांतले बंद दार ज्या थोड्यांनी ओलांडले, त्यांत तो होता, आणि त्याला आत नेणारी किल्ली त्याची बहुभाषिकता होती.

आता शब्दांकडे वळू. साठ वर्षांच्या स्पॅनिश राजवटीत मराठीने स्पॅनिश शब्द घेतले काय? पोर्तुगीज व स्पॅनिश या सख्ख्या बहिणी असल्यामुळे पुष्कळ शब्द दोहींत सारखेच आहेत. ‘पगार’ ज्या धातूवरून आला तो दोन्ही भाषांत एकच, ‘पाद्री’चेही तसेच. असे शब्द या प्रश्नात साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही. जेथे दोन भाषांची रूपे वेगळी आहेत तेच शब्द घेतले पाहिजेत. भाकरीच्या युरोपीय भावंडाला स्पॅनिशमध्ये ‘पान’ म्हणतात, पोर्तुगीजमध्ये ‘पाँव’. आपण म्हणतो पाव. अंती येणारा हा अनुनासिक संयुक्त स्वर पोर्तुगीजची खूणच होय, आणि मराठीत तो ‘आव’ होतो. लेयलाँव या पोर्तुगीज शब्दाचा लिलाव झाला तो याच नियमाने. स्पॅनिशमध्ये लिलावाला मुळातच दुसरे शब्द आहेत. कोकणीतील बुतांव हे बटणाचे नाव त्याच माळेतले. देवळाला कोकणी ख्रिस्ती समाज इगर्ज म्हणतो, तो पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून; स्पॅनिश ‘इग्लेसिया’चा तेथे मागमूस नाही. कोबी हा पोर्तुगीज ‘कोव’, स्पॅनिश ‘कोल’ नव्हे. अननस आणि काजू हे शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आले. स्पॅनिश मनुष्य अननसाला ‘पिन्या’ म्हणतो.

यांत चावी हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. आजच्या प्रमाण पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा उच्चार ‘शाव्ह’सारखा होतो. मग आपल्याकडे च कोठून आला? तो मराठीने घातलेला नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजमध्येच या ठिकाणी च-सारखा स्पर्शसंघर्षी ध्वनी होता. लिस्बनकडे तो पुढे, सतराव्या शतकापासून, श-मध्ये विलीन होत गेला, आणि उत्तर पोर्तुगालच्या बोलींत तो टिकून राहिला. म्हणजे मराठीच्या ‘चावी’त पोर्तुगीजचा एक जुना उच्चार जपला गेला आहे. स्पॅनिश ‘ल्यावे’पासून हा शब्द निघू शकत नाही. एवढ्या पुराव्यावरून निर्णय देण्यास हरकत नसावी: राजा स्पॅनिश होता, पण बाजारात, चर्चमध्ये, स्वयंपाकघरात आणि गलबतावर बोलली गेली ती पोर्तुगीज. तोमारची अट आमच्या भाषेने अक्षरशः पाळलेली दिसते.

तथापि स्पॅनिश अमेरिकेचा वारा मराठीला मुळीच लागला नाही असेही नाही. तो पोर्तुगीज शिडांतून आला. ‘बटाटा’ हा मुळात कॅरिबियन बेटांवरील तायनो भाषेतला, रताळ्याचा वाचक शब्द. तो स्पॅनिशांनी उचलला. स्पेनमध्ये त्याचा पेरूकडील ‘पापा’ या शब्दाशी संकर होऊन ‘पाताता’ झाला. पोर्तुगीजमध्ये ‘बाताता’ राहिला आणि तोच आपल्याकडे आला. त्यातील दन्त्य त-चा मूर्धन्य ट का झाला, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. सपाता, फीत या शब्दांत तो झाला नाही. तंबाखूचे नावही असेच कॅरिबियन-स्पॅनिश वळणाने निघाले, पण मराठीत त्याचे रूप फारसी उच्चाराच्या जवळचे आहे. तंबाखूचा प्रसार तर नेमका याच साठ वर्षांतला: अकबराचा अधिकारी असद बेग याने १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू नेऊन बादशहापुढे ठेवल्याचे आपणच लिहून ठेवले आहे. मोसंबी हे नाव तर आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचे. जालन्याच्या मोसंबीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण नावात भूगोल आहे तो आफ्रिकेतील मोझांबिकचा. फळ ज्या बंदरावरून आले त्या बंदराचे नाव त्यास चिकटले. आणि ज्या काळी डच त्या बंदराला वेढे घालीत होते, त्या काळी त्याचा राजा माद्रिदला होता.

मोसंबीच्या याच न्यायाने ‘पेरू’ हे फळाचे नाव पेरू देशावरून आले, असे सर्वत्र सांगितले जाते. फळ उष्ण अमेरिकेतले आहे यात वाद नाही. त्याला स्पॅनिशांनी दिलेले नाव ‘ग्वायाबा’, तेही कॅरिबियन उगमाचे. देशनामाच्या व्युत्पत्तीचा मोह स्वाभाविक आहे, पण मला ती पटत नाही. कोकणीत या फळाला ‘पेर’ म्हणतात, आणि पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजे नासपती. आकाराच्या साम्यावरून गोव्याच्या पोर्तुगिजांनी या फळाला नासपतीचे नाव देणे सहज शक्य होते. याउलट पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ हा शब्द आहे खरा, पण तो टर्की या पक्ष्याचा वाचक आहे. देशाचे नाव पक्ष्याला आधीच देऊन झाले होते. राहिला अखेरचा ऊ. लिंबू, काजू, चिकू या फळनामांच्या पंगतीत बसताना पेर-चा पेरू व्हावा हे मराठीच्या प्रकृतीला धरूनच आहे.

या ठिकाणी बोलींचा भूगोल अधिक बोलका ठरतो. आपल्या मराठवाड्यात आणि वऱ्हाडाकडे खेड्यांतून हे फळ ‘पेरू’ नसून ‘जांब’ आहे. गुजरातीतील ‘जामफळ’ त्याचेच सगोत्र. म्हणजे एकच अमेरिकन फळ किनाऱ्याने समुद्रावरच्या नावासकट स्वीकारले आणि देशावरच्या शेतकऱ्याने त्याला घरच्या ‘जंबू’ या जुन्या शब्दाचा अंगरखा चढविला. मिरचीचे असेच झाले. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीबाजारात उभे राहून कोणासही हे पीक परके वाटणार नाही, पण मिरची अमेरिकेतली आहे आणि तिचे नाव आपल्या ‘मिरी’वरून घडविलेले आहे. सीताफळ आणि रामफळ यांनी तर थेट रामायणात घर केले. भुईमुगाने मुगाशी सोयरीक जोडली. किनाऱ्यावरील बोली शब्द उसना घेते, देशावरील बोली नवा घडविते, असा एक स्थूल नियम येथे दिसतो. आमच्या विद्यार्थ्यांनी परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतून फळे व भाज्यांची नावे गोळा केली तर तो तपासता येईल. जाता जाता एक सूचना: घनसावंगी तालुक्यातील जांब या गावाचे नाव या फळाशी जोडू नये. जांब, जांभूळ ही जंबू-कुळातील नावे अमेरिकन फळ येण्याच्या कितीतरी आधीची आहेत.

या जांबेस १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्याच वर्षी डच मोझांबिकला वेढा घालून बसले होते, आणि साष्टीत फादर स्टीफन्स मराठी ओवीची घडण आत्मसात करीत होता. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघाले. तो गोव्यास आला १५७९ मध्ये आणि वारला १६१९ मध्ये. म्हणजे इंग्लंडात जन्मलेल्या या मनुष्याचे येथील बहुतेक सारे आयुष्य इंग्लंडच्या शत्रूच्या राज्यात गेले. फ्रेंच जेझुइट एतियेन द ला क्रुवा याने संत पीटरवर रचलेले मराठी पुराण १६२९ पासून छापले गेले. हे ग्रंथ एका गोव्यापुरत्या घटना म्हणून पाहिले जातात, ते मला अपुरे वाटते. गोव्याच्या पाचव्या प्रांतिक धर्मसभेने १६०६ मध्ये असे ठरविले की स्थानिक भाषा आल्याशिवाय कोणाही धर्मगुरूस चर्चचा कारभार देऊ नये. लिमाच्या तिसऱ्या धर्मसभेने १५८२-८३ मध्ये केचुआ व आयमारा भाषांत प्रश्नोत्तरी तयार करविली. मनिलास १५९३ मध्ये तागालोग प्रश्नोत्तरी छापली गेली. स्टीफन्सची कोकणी प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाली. मेक्सिकोत नाउआत्ल भाषेचे व्याकरण १५७१ मध्ये ‘आर्ते’ या नावाने छापले गेले, आणि रायतूर येथे १६४० मध्ये छापलेल्या स्टीफन्सच्या कोकणी व्याकरणाचेही नाव ‘आर्ते’च आहे. लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत परक्या भाषेला बसविण्याची ही एकच पद्धत अमेरिकेपासून साष्टीपर्यंत चालली होती. तिचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही आशियातील एका भाषेचे युरोपीय पद्धतीचे छापील व्याकरण हाती आले ते याच हेतूतून.

आर्ते छापली गेली त्याच वर्षी, १ डिसेंबर १६४० रोजी, लिस्बनमध्ये उठाव होऊन ब्रागांसाचा ड्यूक चौथा जुवाँव म्हणून राजा झाला. बातमी समुद्रमार्गे यावयाची, म्हणून गोव्यात त्याच्या नावाची द्वाही फिरली ती १६४१ मध्ये. मलाक्का त्याच वर्षी डचांनी घेतले होते. गोव्यात मात्र नव्या, अस्सल पोर्तुगीज राजवटीत स्थानिक भाषेचे दिवस पालटले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. आर्तेची दुसरी आवृत्ती निघण्यास त्यानंतर पावणेदोनशे वर्षे लागली. कुन्य रिव्हार याने ती १८५७ मध्ये गोव्यातच छापली.